जुना लॅपटॉप घेताना: आधी सिस्टिम ठरवा, मग यंत्र

मी पहिला जुना लॅपटॉप घेतला तो स्टिकर बघून. समोर दोन होते. एकावर 'आय ७' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'आय ५' (ही इंटेलच्या प्रोसेसरची, म्हणजे यंत्राच्या मेंदूची, नावं), आणि पैसे जवळपास सारखेच. साताचा मिळत असताना पाचाचा कोण घेतो? मी आय ७ उचलला आणि विकणाऱ्याला काही कळत नाही अशा आनंदात घरी आलो. काही महिन्यांनी विंडोज ११ टाकायला बसलो तर ते चढेना. मग शोधाशोध केली. माझा आय ७ सातव्या पिढीचा निघाला, ७५००यू, दोन कोरचा, म्हणजे एका वेळी काम करणारे दोनच भाग असलेला. सोडून दिलेला आय ५ आठव्या पिढीचा होता, ८२५०यू, चार कोरचा, आणि विंडोज ११ ला चालणारा. न कळणारा माणूस दुसराच होता.

त्यानंतर स्वतःसाठी, घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी मी बरेच जुने लॅपटॉप पाहिले. काही घेतले, त्याहून जास्त परत टेबलावर ठेवले. नवखा माणूस अडकतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: आधी यंत्राच्या प्रेमात पडतो आणि त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चालेल याचा विचार घरी आल्यावर करतो. हा क्रम उलटा करा. सिस्टिम आधी ठरली की कोणती यंत्रं बघायचीच नाहीत हे आपोआप ठरतं. शिवाय खिशात स्वतःचा पेनड्राइव्ह असला की विकणाऱ्याच्या शब्दावर फारसं विसंबावं लागत नाही. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. कामाची यादी करा आणि त्यावरून सिस्टिम निवडा

एका कागदावर आठवड्याभरात संगणकावर खरोखर जी कामं करता ती लिहा. 'पुढेमागे व्हिडिओ एडिटिंग शिकेन' हे लिहू नका. प्रत्येक कामापुढे ते ब्राउझरमध्ये होतं की त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, हेही लिहा. आता ज्याच्याशिवाय अडेल असं सॉफ्टवेअर शोधा. निवड तेच करतं.

विंडोज लागेलच अशी कामं: मायक्रोसॉफ्ट ऑफिसची पूर्ण डेस्कटॉप आवृत्ती (ती मॅकवरही मिळते), विंडोजसाठीच बनलेली हिशेबाची किंवा डिजिटल सहीची सॉफ्टवेअरं, कॅमेऱ्यावर नजर ठेवून घेतल्या जाणाऱ्या ऑनलाइन परीक्षांची बरीचशी ॲप्स, आणि फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले अनेक ऑनलाइन खेळ. मराठीत डीटीपी करणाऱ्यांसाठी आणखी एक. काम जर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांवर चालत असेल तर विंडोज सोडायचा विचारही नको. साधं युनिकोड टायपिंग करणाऱ्यांना ही अडचण नाही, कारण इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळ्या प्रमुख सिस्टिम्समध्ये मिळतो.

विंडोजच हवं असेल तर ते ११ असायला हवं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षा अपडेट्सचं एक वाढीव वर्ष मिळालं, ऑक्टोबर २०२६ पर्यंतचं. आज घेतलेलं यंत्र पुढची चार-पाच वर्षं वापरायचं म्हटलं तर ही मुदत कुठेच पुरत नाही. विंडोज ११ साठी कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरते, पण अडवणूक दुसरीकडे होते: टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सिस्टिम चालू देणारी सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठवी पिढी ही सीमारेषा धरा. ही अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि विकणारे त्या सर्रास वापरतात. तसं बसवलेलं विंडोज बहुधा चालतंही, पण पुढची मोठी अपडेट येईलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. समोर विंडोज ११ चालू दिसतंय, एवढ्याने यंत्र पात्र ठरत नाही.

कामाची यादी ब्राउझर, पत्रव्यवहार, साधे तक्ते, फोटो, व्हिडिओ पाहणं आणि थोडं प्रोग्रामिंग एवढ्यात संपत असेल तर लिनक्स घ्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम. हे मी हट्टाने सांगतो, कारण सातव्या पिढीच्या त्या चुकीच्या आय ७ ला शेवटी त्यानेच तारलं. विंडोजच्या यादीबाहेर पडलेली चांगल्या बांधणीची यंत्रं स्वस्तात सुटतात आणि लिनक्सवर वर्षानुवर्षं चालतात. नवख्यांना मी लिनक्स मिंट सुचवतो. सिनॅमन आवृत्तीची मांडणी विंडोजवरून आलेल्याला ओळखीची वाटते, आणि रॅम ४ जीबीच असेल तर एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. उबुंटू हवं असेल तर दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं आधार असतो. फेडोरा उत्तम आहे, पण तिची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिन्यांत जुनी होते. नवख्याला एवढी धावपळ कशाला? आणि एकदा निवडली की सहा महिने तीच वापरा. दर शनिवारी नवी वितरणं (मिंट, उबुंटू, फेडोरा असे लिनक्सचे प्रकार) बसवून बघण्याचा नाद मला दोन वर्षं होता. त्यातून लिनक्स शिकलो कमी, फॉरमॅट करायला शिकलो जास्त.

मॅकबद्दल नियम सोपा आहे. इंटेलवाला मॅक मॅकओएससाठी घेऊ नका. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेल यंत्रांवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने जाहीर केलं आहे, आणि तीही मोजक्याच इंटेल मॉडेल्सवर चालते. नोव्हेंबर २०२० मध्ये एम १ आला, तिथून पुढचं बघा. या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे घेताना असेल तेवढीच कायमची.

क्रोमबुकला, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपला, अपडेट्सची शेवटची तारीख असते, आणि ती तुमच्या खरेदीपासून नव्हे तर ते मॉडेल ज्या प्लॅटफॉर्मवर बनलं तो बाजारात आला तेव्हापासून मोजली जाते. नवं कोरं दिसणारं क्रोमबुकही त्या हिशेबाने म्हातारं असू शकतं. सेटिंग्जमध्ये ती तारीख दिसते. ती पाहिल्याशिवाय बोलणी सुरू करू नका.

२. प्रोसेसरचा पूर्ण आकडा वाचा

'आय ५ आहे' एवढं सांगणाऱ्याला पुढचे आकडे विचारा. इंटेलच्या जुन्या पद्धतीत आय ५ नंतरच्या चार आकड्यांतला पहिला म्हणजे पिढी: ८२५०यू आठवी, ७२००यू सातवी. पाच आकडे असतील तर पहिले दोन: १०२१०यू दहावी. इथवर सोपं आहे. गोंधळ होतो तो ११३५जी७ किंवा १२३५यू पाहिल्यावर. आकडे चारच आहेत म्हणून लोक याला 'पहिली पिढी' समजतात, पण ही अनुक्रमे अकरावी आणि बारावी आहे. म्हणजे सुरुवात १ ने झाली की पहिले दोन आकडे घ्यायचे.

शेवटचं अक्षरही बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा, वाय म्हणजे अगदी मंद विजेवर चालणारा आणि तसाच मंद. आठव्या पिढीत यू मालिकेचे आय ५ दोन कोरवरून चार कोरवर गेले, त्यामुळे ही पिढी नुसती विंडोजच्या अटीची रेघ नाही, वेगातला फरकही तिथेच पडतो.

एएमडी रायझेनची नावं माणसाला फसवायलाच ठेवली असावीत असं मला अजून वाटतं. ५५००यू आणि ५६००यू शेजारीशेजारी वाटतात, पण पहिल्याची अंतर्गत रचना झेन २ आणि दुसऱ्याची झेन ३. ७००० मालिकेत तर तिसरा आकडा वाचावा लागतो: ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. विंडोज ११ हवं असेल तर लॅपटॉपमधला २५००यू सारखा २००० मालिकेतला रायझेन टाळा, आणि कोणताही असला तरी मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाव शोधूनच घ्या.

३. कोणत्या घराण्यातला घ्यायचा

शक्य तर कंपन्यांच्या वापरासाठी बनवलेल्या मालिकांतला घ्या: लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. मोठ्या संस्था ठरावीक वर्षांनी हे गठ्ठ्याने बदलतात, म्हणून जुन्या बाजारात भरपूर येतात. बिजागऱ्या भक्कम असतात, दुरुस्तीची माहितीपुस्तकं कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात, सुटे भाग सापडतात. थिंकपॅड हे नाव आयबीएमने १९९२ मध्ये सुरू केलं आणि २००५ मध्ये ते लेनोव्होकडे गेलं. पण नावाच्या पुण्याईवर जाऊ नका, त्याच नावाखाली हलक्या मालिकाही निघतात.

रॅम ८ जीबी किमान, १६ असेल तर निर्धास्त. रॅम बोर्डावर डकवलेली आहे की स्लॉटमध्ये, हे त्या नेमक्या मॉडेलच्या माहितीपत्रकात आधीच बघा. साठवण एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, हवी. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती बदलायचा खर्च मनात धरूनच सौदा करा. एम.२ आकाराच्या एसएसडी दोन प्रकारच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला सारख्याच, पण काही जुन्या लॅपटॉपांच्या स्लॉटमध्ये फक्त साटाच चालते. स्क्रीन १३६६ गुणिले ७६८ ची असेल तर मी पुढचं काही बघत नाही. दिवसभर वाचणाऱ्याने १९२० गुणिले १०८० च्या खाली येऊ नये.

४. पिशवी भरा

बघायला जाताना सोबत न्यायच्या गोष्टी:

– लिनक्स मिंट टाकलेला, चालू होणारा पेनड्राइव्ह (८ जीबीचा पुरतो)
– दुसरा रिकामा पेनड्राइव्ह, यूएसबीची सगळी पोर्ट्स तपासायला
– तारेचे इअरफोन
– फोन, हॉटस्पॉट चालू करता येईल असा
– शक्य असल्यास एचडीएमआय केबल
– मॉडेलचा क्रमांक आणि माहितीपत्रक फोनमध्ये उतरवून
– कोरा कागद आणि पेन, पावती लिहून घ्यायला

पेनड्राइव्ह तयार करणं सोपं आहे. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे सगळी सिस्टिम एकत्र बांधलेली फाइल, उतरवा. विंडोजवर असाल तर रुफस, नाहीतर बलेनाएचर हे मोफत सॉफ्टवेअर वापरून ती पेनड्राइव्हवर लिहा. नुसती फाइल कॉपी करून पेस्ट केली तर पेनड्राइव्हवरून यंत्र बूट, म्हणजे चालू, होत नाही, ही पहिल्यांदा सगळ्यांकडून होणारी चूक. लिहिताना पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. आणि निघण्याआधी तो दुसऱ्या एखाद्या संगणकावर चालवून बघा.

विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा: 'मी माझ्या पेनड्राइव्हवरून चालू करून बघणार, आतल्या डिस्कला हात लावणार नाही.' याला जो नाही म्हणतो त्याच्याकडे जायचे श्रम वाचले.

५. बंद असताना बघा

झाकण मिटून टेबलावर ठेवा. चारही पाय टेकतात का? डुलत असेल, किंवा टचपॅड वर उचललेला, तळ फुगलेला वाटत असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. असं यंत्र चालूही करू नका आणि फुकट मिळालं तरी घेऊ नका.

झाकण एका कोपऱ्याने सावकाश उघडा आणि बिजागरीजवळच्या प्लॅस्टिकला तडे आहेत का ते बघा. कीबोर्डच्या फटींत चिकट डाग, एखादं बटण दाबल्यावर रेंगाळत वर येणं, पोर्टांच्या आत हिरवट गंज ही आत पाणी गेल्याची खूण असते. तळाचे स्क्रू मोजा. एखादा गायब असेल किंवा डोकी झिजलेली असतील तर आत कोणाचा हात फिरला आहे हे नक्की, फक्त काय केलं ते विचारा. रॅम वाढवली असेल तर काही बिघडलं नाही. 'मला माहीत नाही' हे उत्तर मला कमी आवडतं.

६. कुलपं तपासा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि हीच लोक गाळतात. ओरखडे सहन होतात, बॅटरी बदलता येते, पण कुलूपबंद यंत्र म्हणजे पाट्यासारखं जड वजन.

पहिलं कुलूप बायोसचं, म्हणजे सिस्टिम सुरू होण्याआधी चालणाऱ्या यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरचं. यंत्र चालू करताना बायोसमध्ये जा. बटण कंपनीनुसार बदलतं: थिंकपॅडला एफ १, डेलला एफ २, एचपीला एफ १०. पासवर्ड मागितला तर विकणाऱ्याला तो तिथल्या तिथे काढून टाकायला सांगा. 'बोर्डावरची छोटी बॅटरी काढली की जातो' असं हमखास ऐकायला मिळेल. जुन्या डेस्कटॉपांत ते खरं होतं. कंपन्यांसाठीच्या लॅपटॉपांत पासवर्ड बहुधा वेगळ्या चिपमध्ये राहतो आणि बॅटरी काढून तो जात नाही. बायोसमध्ये असतानाच सुरक्षेच्या पानावर ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस या नावाची नोंद आहे का ते पाहा. चोरी झाल्यास यंत्र शोधता आणि गोठवता यावं यासाठी ती सोय असते. ती 'ॲक्टिव्हेटेड' दिसली तर आधीच्या संस्थेने यंत्र अजून आपल्या यादीतून काढलेलं नाही असं समजा.

दुसरं कुलूप दिसतच नाही, आणि मी ठेच खाल्ली ती त्यावरच. दुसऱ्यांदा लॅपटॉप घेतला तेव्हा प्रोसेसर, बॅटरी, स्क्रीन सगळं पारखून घेतलं होतं. घरी येऊन विंडोज नव्याने बसवलं, वायफाय जोडलं, आणि पडद्यावर एका अनोळखी संस्थेचं स्वागत झळकलं: त्यांच्या कर्मचाऱ्याच्या खात्याने आत या. पुन्हा फॉरमॅट केलं, पुन्हा तेच. याला ऑटोपायलट म्हणतात. संस्था यंत्राची हार्डवेअर ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवून ठेवते, त्यामुळे डिस्क पुसली काय किंवा बदलली काय, विंडोज इंटरनेटला जोडलं की ते जुन्या मालकाला ओळखतं. नोंद ती संस्थाच काढू शकते. मला विकणाऱ्याने लिलावातून घेतला होता आणि त्यालाही हे ठाऊक नव्हतं, निदान त्याचा चेहरा तरी तसं सांगत होता.

म्हणून विंडोज वापरायचं असेल तर घेण्याआधी विकणाऱ्याला यंत्र रीसेट करायला लावा, वायफाय जोडून सुरुवातीची मांडणी साधं वैयक्तिक खातं मागण्यापर्यंत न्या, आणि मगच पैसे काढा. याला तासभर लागू शकतो. लागू द्या. लिनक्स टाकणाऱ्याला ऑटोपायलट अडवत नाही, पण संस्थेच्या यादीत अजून असलेलं यंत्र मुळात विकायचा हक्क समोरच्याला आहे का, हा प्रश्न तरीही उरतोच.

मॅकमध्ये हेच दोन रूपांत येतं. 'फाइंड माय' चालू असेल तर ॲक्टिव्हेशन लॉक, आणि संस्थेचं यंत्र असेल तर रिमोट मॅनेजमेंट. उपाय तोच: मालकाने समोर आपलं खातं काढायचं, यंत्र पुसायचं, आणि नव्या यंत्रासारखी मांडणी इंटरनेट जोडून डेस्कटॉप दिसेपर्यंत पूर्ण करायची. 'पासवर्ड नंतर पाठवतो' असं म्हणणाऱ्याला पैसेही नंतर पाठवा.

७. तुमच्या पेनड्राइव्हवरून चालवा

पेनड्राइव्ह लावा, यंत्र पुन्हा चालू करा आणि बूट मेनू उघडा: डेल आणि थिंकपॅडला एफ १२, एचपीला एफ ९, असूसला बहुधा एस्केप. मिंट सुरू झालं की 'इन्स्टॉल' चिन्हाला हात न लावता वापरून बघा. सिस्टिम पेनड्राइव्ह आणि रॅममधून चालते, आतल्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही.

याचा दुहेरी फायदा. तुम्हाला लिनक्स घ्यायचं असेल तर या यंत्रावर वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं आणि पुन्हा जागं होणं नीट चालतं का हे आत्ताच कळतं. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिप्स, एनव्हिडियाची वेगळी ग्राफिक्स चिप आणि बोटाचा ठसा वाचणारी उपकरणं ही नेहमीची कुरकुर करणारी मंडळी. आणि विंडोज घ्यायचं असलं तरी विकणाऱ्याने सजवून ठेवलेल्या सिस्टिमऐवजी कोऱ्या, तटस्थ सिस्टिममध्ये यंत्र उघडं पडतं.

सिस्टिम माहितीच्या पानावर प्रोसेसर आणि रॅम जुळतात का पाहा. मजकूर लिहिण्याच्या खिडकीत कीबोर्डची झाडून सगळी बटणं दाबा. पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, मग लाल, हिरवं, निळं चित्र पडद्याभर उघडून मेलेले ठिपके आणि डाग शोधा. प्रत्येक पोर्टात दुसरा पेनड्राइव्ह घालून बघा. इअरफोन, स्पीकर, माइक, कॅमेरा. फोनच्या हॉटस्पॉटला जोडून एक मोठा व्हिडिओ पूर्ण पडदाभर लावा आणि त्याला चालू राहू द्या. दहा मिनिटांनी पंखा विमानासारखा ओरडत असेल किंवा चित्र अडखळत असेल तर आत धूळ साठली आहे किंवा प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट वाळली आहे. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात, पण किंमत ठरवताना त्या बोलायच्या असतात.

८. बॅटरी आणि डिस्क

व्हिडिओ चालू असतानाच चार्जर काढा. टक्का हळूहळू उतरायला हवा. चाळीसवरून एकदम दहावर कोसळला तर बॅटरी संपलेली आहे, पडद्यावर काहीही लिहिलेलं असो.

आकड्यात बघायचं तर मिंटमध्ये पॉवर स्टॅटिस्टिक्स नावाचं ॲप आहे. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे वॉट-तासांत मिळतात. मूळ ५० आणि आता ४१ असेल तर ८२ टक्के उरली, म्हणजे छान. मूळ ५० आणि आता २८ असेल तर नव्या बॅटरीचा खर्च सौद्यातून वजा करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला की हीच माहिती अहवालाच्या रूपात मिळते. मॅकमध्ये सायकल काउंट बघा. अलीकडच्या मॅकबुकांची बॅटरी १००० सायकलींसाठी बनलेली असते.

चार्जर मूळ आहे का, हे सहज म्हणून बघायची गोष्ट नाही. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतात आणि ओळख पटली नाही तर बॅटरी भरत नाहीत, प्रोसेसरही मुद्दाम हळू चालवतात. चालू करताना चार्जर ओळखता येत नसल्याची सूचना आली तर एकतर चार्जर नकली आहे किंवा चार्जिंगच्या खाचेतली बारीक पिन तुटली आहे. दुसरी शक्यता महाग पडते.

डिस्कसाठी मिंटमधलं डिस्क्स ॲप उघडून स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, वाचा. तिथे दिसला नाही तर विंडोजमधलं क्रिस्टलडिस्कइन्फो तो दाखवतं. किती तास चालली याला मी फार महत्त्व देत नाही. हार्ड डिस्कमध्ये बदललेल्या सेक्टरांचा आकडा शून्य हवा, आणि एनव्हीएमई एसएसडीमध्ये किती टक्के आयुष्य वापरलं गेलं ते पाहा.

९. कागद

घ्यायचे कागद थोडे आहेत: मूळ खरेदीचं बिल किंवा संस्थेकडून घेतल्याची पावती, तुमच्या नावाची नवी पावती, आणि दुकानातून घेत असाल तर परतीची मुदत लेखी. पावतीवर मॉडेल आणि सीरियल क्रमांक असायलाच हवा. हा क्रमांक तळाच्या स्टिकरवर, बायोसमध्ये आणि बिलावर सारखा आहे का ते जुळवा. स्टिकर आणि बायोस जुळत नसतील तर मदरबोर्ड किंवा तळाचं कव्हर बदललेलं आहे. तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी उरली आहे का आणि हे यंत्र मुळात कोणत्या रॅम-डिस्कसह विकलं गेलं होतं, हे बऱ्याच कंपन्यांकडून कळतं.

विंडोजच्या परवान्याचा सापळाही इथेच सांगतो. 'जेन्युइन विंडोज आहे' म्हणजे नेमकं काय? लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची किल्ली साधारणपणे बायोसमध्येच असते, त्यामुळे त्याच आवृत्तीचं विंडोज नव्याने बसवलं की ते आपोआप सक्रिय होतं. काही विकणारे मात्र संस्थांसाठीच्या केएमएस पद्धतीने ते सक्रिय करून देतात. ते सक्रियीकरण १८० दिवस टिकतं. सहा महिने सगळं सुरळीत, आणि तोवर विकणाऱ्याचा फोन लागेनासा झालेला. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स' हे शब्द आहेत आणि संस्थेचा उल्लेख नाही, एवढं बघा.

१०. घरी आल्यावर

आधीच्या मालकाची सिस्टिम एक दिवसही वापरू नका. त्यात काय पेरलेलं आहे हे कळायला मार्ग नाही. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने पेनड्राइव्ह बनवून डिस्कवरचे सगळे विभाग पुसून नव्याने बसवा. लिनक्स असेल तर तोच मिंटचा पेनड्राइव्ह, आणि आता 'इन्स्टॉल' चिन्ह दाबा. संपूर्ण डिस्क वापरायचा पर्याय निवडा आणि डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करायची, खूण करा. त्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारं कोणी नाही, म्हणून तो कागदावर लिहून घरात ठेवा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेल्यावर डिस्क बऱ्याचदा न विचारता एन्क्रिप्ट होते. तिची रिकव्हरी की खात्यात जमा झाली आहे का ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

दोन्ही सिस्टिम्स एकाच डिस्कवर ठेवायचा मोह होईल. पहिल्या महिन्यात तो आवरा. विभाग लहानमोठे करताना एन्क्रिप्ट केलेलं विंडोज रुसतं, आणि दोष यंत्राचा, विंडोजचा की तुमचा हे नवख्याला कळत नाही. एक सिस्टिम बसू दे, अंगवळणी पडू दे.

सिस्टिम बसल्यावर बायोसची अपडेट कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या, लिनक्समध्ये ती अनेक मॉडेल्ससाठी अपडेट मॅनेजर किंवा फर्मवेअरच्या साधनातूनच येते. अपडेट चालू असताना चार्जर लावलेला असू द्या. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, विशेषतः लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला लावलेलाच राहणार असेल तर.

मग परतीची मुदत संपेपर्यंत यंत्राला अजिबात जपू नका. रोजचं सगळं काम त्यावर करा, तासनतास व्हिडिओ कॉल करा, झाकण दिवसातून दहा वेळा मिटून उघडा, रात्री झोपवून सकाळी उठतं का बघा. मुदतीच्या आदल्या दिवशी बॅटरीचा आणि डिस्कचा अहवाल पुन्हा काढा आणि घेतानाच्या आकड्यांशी ताडून पाहा. आकडे सरकले असतील तर परत करायला अजून एक दिवस हातात आहे.